वेंडलाच्या अंगणातलं लिंगॉन

आमच्या ग्रानलीडेन गावात लोक अंगणात बटाटे लावतात, गाजरं लावतात, फारच हौस असेल तर करंट नावाच्या आंबट फळांची दोन झुडपं लावतात. लिंगॉन कुणी लावत नाही. लावायचं कशाला? दार उघडून पाइनच्या झाडांखाली गेलं की वाटाण्याएवढी लाल फळं घोट्याच्या उंचीवर पसरलेलीच असतात. आणि जंगल कुणाचंही असो, फळ तोडेल त्याचं, असा आमच्याकडचा कायदा आहे. म्हणून वेंडलानं ज्या वसंतात बटाट्याच्या वाफ्याशेजारी दोरी आखून लिंगॉनची रोपं ओळीत लावली, त्या वसंतात दुधाची गाडी चालवणाऱ्या माणसानंसुद्धा गाडी हळू करून मान वळवली.

तिची नणंद टीरा तर फाटकाशी येऊनच उभी राहिली.

"काय लावतेस ग?"

"दिसतंय ते."

"मला लिंगॉन दिसतंय. पण डोळे म्हातारे झालेत, म्हणून विचारून घेतलं."

"डोळे ठीक आहेत तुझे."

"बरं. मग पुढच्या वर्षी शेवाळ पेरणार का?"

लांब दांड्याच्या खुरप्यानं वेंडला उभ्या उभ्या माती सारखी करत राहिली. तिला खाली बसता येत नव्हतं, आणि सगळं सुरू झालं होतं ते तिथूनच.

त्याच्या वर्षभर आधीच्या हिवाळ्यात ती विहिरीपाशी बर्फावरून घसरली होती. गुडघा बरा झाला, म्हणजे चालण्यापुरता बरा झाला. वाकायचं मात्र त्यानं कायमचं सोडलं. "पाद्र्यापुढं नाही वाकले तर चालेल, तो समजून घेईल," असं ती म्हणायची, "पण लिंगॉन कुणाला समजून घेत नाही." खरंच आहे ते. लिंगॉन तोडायचं तर गुडघे टेकायला लागतात, पुढं सरकायला लागतं, परत टेकायला लागतात. काठी टेकत जंगलात जाऊन नुसतं बघून यायचं, तर त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर टीरा कोण ते आधी सांगायला हवं. वेंडलाचा नवरा हेल्मर, देव त्याला सुखात ठेवो, नदीतून ओंडके वाहून नेण्याच्या कामावर होता. त्यानं मागं ठेवलं ते एक लाकडी घर, एक अंगण आणि एक वाजेनाशी झालेली पेटी. टीरा त्याची थोरली बहीण. तिनं लग्न केलं ओसिअनशी, आणि ओसिअनचं जंगल तळ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत होतं. तोही गेला, जंगल टीराकडं राहिलं. टीराकडं ट्रॅक्टर होता, दुमजली घर होतं, सोनेरी काठाचे कप होते. वेंडलाकडं लिंगॉन होतं.

म्हणजे असं, की दर वर्षी पानगळीच्या सुमारास वेंडलाच्या बादलीत जसं लिंगॉन यायचं तसं गावात दुसऱ्या कुणाच्या यायचं नाही. टपोरं, घट्ट, एकसारखं लाल, एकेक फळ हातानं तोडलेलं. टीरा दातेरी डब्यानं, फणीनं विंचरावं तशी, ओरबाडायची. त्यात पानं यायची, काड्या यायच्या, हिरवी फळं यायची, कधी एखादी मुंगीही. चर्चच्या सभाघरात जेवण असलं की टीरा पाल्त करून न्यायची. खारवलेलं डुकराचं मांस भरलेले बटाट्याचे ते गोळे तिच्यासारखे कुणाचे होत नसत. सगळे पाल्त टीराचे घ्यायचे आणि वर लिंगॉन वेंडलाचं मागायचे. टीराला ते दिसायचं, आणि टीराला दिसतंय हे वेंडलाला दिसायचं.

ते लिंगॉन कुठून येतं, हे वेंडलानं कधी कुणाला सांगितलं नाही. तसं आमच्याकडं कुणीच सांगत नाही. बाई एक वेळ नवरा किती पितो ते सांगेल, पण फळांची जागा सांगणार नाही. बादलीवर फडकं टाकून जायचं, वाकड्या वाटेनं जायचं, वाटेत कुणी भेटलं तर सुकं सरपण बघायला निघाले म्हणायचं. एका वर्षी टीरा सायकलवरून तिच्या मागं मागं गेली. वेंडलाला चाकाचा आवाज कळला. तिनं वाट सोडली, तळ्याला वळसा घातला आणि दलदलीत शिरली. टीरा सायकल झाडाला टेकवून मागोमाग. दुपार होईपर्यंत वेंडलानं तिला गुडघाभर चिखलातून फिरवली आणि शेवटी मागं वळून म्हणाली, "अय्या टीरा, तू होय? मी आपली वासरू शोधत होते." वेंडलाकडं त्या वर्षी वासरू नव्हतं, तेव्हा ते सापडण्याचा प्रश्नही नव्हता.

ही जागा होती टीराच्याच जंगलात. तिच्या कोठाराच्या मागं, खाजऱ्या पानांचं रान ओलांडलं की दक्षिणेकडं उतरता एक तुकडा आहे. ओसिअननं कधी काळी तिथले चार मोठे पाइन पाडले होते, त्यामुळं ऊन थेट जमिनीवर पडायचं. टीरा तिथं कधी गेली नाही. स्वतःच्या कोठारामागं कोण काय शोधायला जातंय? वेंडला मात्र तळ्याकडून लांबचा फेरा मारून, उलट्या बाजूनं चढून, तिथं पोचायची. बादली भरायची. परत तोच फेरा. घरापासून सरळ गेलं तर टीराच्या घराच्या पलीकडं लगेच लागते ती जागा.

कायद्यानं ही चोरी नव्हे. पण कायद्याला नणंद नसते. शिवाय त्याच लिंगॉनची एक बरणी वेंडला दर ख्रिसमसला टीराला भेट द्यायची. आधी तिला त्यात गंमत वाटायची, नंतर थोडी लाज वाटू लागली, आणि नंतर सवय झाली.

तर गुडघा गेला, त्या वर्षीच्या पानगळीत वेंडलाची बादली खुंटीलाच राहिली. टीरा बरणी घेऊन दारात हजर.

"घे. तुला आता जमायचं नाही."

"आहे माझ्याकडं."

"कुठाय?"

"खाली तळघरात."

"तळघरात तू कशी उतरलीस?"

टीरानं बरणी टेबलावर ठेवली, वर हात फिरवला, जशी काही मांजरच ठेवली होती. "माझ्याकडं पुष्कळ आहे. दर वर्षी देत जाईन. संकोच नको करूस." आणि गेली.

बरणीत तीन पानं आणि एक काडी तर वरूनच दिसत होती. त्या हिवाळ्यात वेंडलानं पाल्त नुसत्या लोण्याबरोबर खाल्ले, लापशी नुसत्या दुधाबरोबर खाल्ली, आणि ती बरणी कपाटात तशीच राहिली. दर वर्षी. संकोच नको. टीराचे हे शब्द तिला जेवताना दर वेळी आठवायचे. तिला मेहेरबानीचं लिंगॉन नको होतं. ताटात स्वतःचं हवं होतं, थोडं का असेना. आणि ते जिथं होतं तिथं तिला जाता येत नव्हतं, तर त्यानंच इकडं यावं, म्हणून तिनं वाफा खणायला घेतला.

रोपं तिनं बसथांब्याजवळच्या चराच्या कडेनं उपटून आणली, फावडं उभ्यानं मारून. लावताना काही म्हणजे काही कमी केलं नाही. गावात शेवटच्या गायी राहिल्या होत्या त्या गोठ्यातून जुनं कुजलेलं शेण मागून आणलं. चुलीतली बर्चच्या लाकडाची राख चाळून वर पसरली. रोज संध्याकाळी पाणी. बटाट्याला जे आवडतं, गाजराला आवडतं, करंटला आवडतं, ते लिंगॉनला का आवडणार नाही? जंगलात बिचाऱ्याला कोण खायला घालतंय. इथं त्याची आबाळ होऊ द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

पहिल्यांदा पानं फिकी पडली, मग पिवळी. वेंडलाला वाटलं भूक लागली असेल, तिनं आणखी शेण घातलं. उन्हाळा संपायच्या आत ओळच्या ओळ तपकिरी होऊन उभी होती, आणि मधून मधून कोंबड्यांना घालतात ते रानगवत मात्र काय फोफावलं होतं.

टीरा फाटकाशी आली. या वेळी हसली नाही, ते जास्त लागलं.

"काय झालं त्याला?"

"मेलं."

"कशानं?"

"खाऊन खाऊन," वेंडला म्हणाली.

हे ती रागानं बोलून गेली, पण रात्री ताट धुताना तेच डोक्यात फिरत राहिलं. गोठ्यामागच्या कुरणाच्या फाटकाशी गायी उभ्या राहत तिथं कधी लिंगॉन आलं होतं का? नाही. जंगलाच्या कडेला, जिथं शेणाचा शेवटचा पो पडायचा, तिथून पुढं कुठं सुरू व्हायचं. आणि तिच्या त्या उतारावर काय होतं? वाळू, पाइनच्या सुया, कुजका बुंधा, करडं शेवाळ. गवतसुद्धा उगवायचं नाही एवढी उपाशी जमीन. आयुष्यभर तिथं गुडघे टेकले, आणि जमिनीकडं कधी बघितलं नाही; फळांकडंच बघितलं. लिंगॉनला आंबट, दरिद्री माती लागते. आपण त्याला श्रीमंताच्या घरी जेवायला बसवलं.

माती बदलायची म्हणजे ती आणायची कुठून, हा दुसरा पेच. फळ तोडेल त्याचं, पण माती आणि मुळं जमीनवाल्याची. ती विचारल्याशिवाय खणता येत नाहीत. लाकडाच्या कंपनीचं जंगल होतं पलीकडं, पण ते पाडून, यंत्रानं नांगरून टाकलेलं. बाकी जे काही पाइनचं होतं ते सगळं टीराचं. शिवाय चराच्या कडेचं ते किडमिडीत लिंगॉन तिला परत नको होतं. तिला उतारावरचंच हवं होतं, त्याच्या मातीसकट, मुळांच्या जाळ्यासकट.

हिवाळाभर तिनं यावर विचार केला. दुसरी बरणीही कपाटात पहिलीच्या शेजारी जाऊन बसली होती. बर्फ वितळलं तशी एके दिवशी तिनं चांगला रुमाल डोक्याला बांधला आणि काठी टेकत टीराकडं गेली.

टीरानं दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग तू अशी मंगळवारची माझ्याकडं?"

"आत घेतेस की इथंच कॉफी देतेस?"

सोनेरी काठाचे कप निघाले. वेंडलानं साखरेचा खडा दातात धरला, बशीत कॉफी ओतली आणि बशी संपवली.

"मला माती पाहिजे," मग ती म्हणाली. "जंगलातली. आणि लिंगॉनचे थर, मुळासकट."

"एवढंच? अगं घेऊन जा की. माती काय मी मापानं देणार आहे? कुठली पाहिजे?"

आता इथं 'कुठलीही' म्हणून सुटता आलं असतं. वाटेनं येताना वेंडलानं तेच घोकलं होतं.

"तुझ्या कोठारामागची."

"कोठारामागं खाजरी पानं आहेत."

"त्याच्या पुढं. उतारावर."

टीरानं तिच्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. खिडकीतून कोठार दिसतं, उतार दिसत नाही.

"तिथं आहे?"

"तिथंच आहे."

"आणि बादल्या? सगळ्या?"

"सगळ्या."

"ख्रिसमसच्या बरण्या?"

"त्यापण."

टीरानं कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्याच जंगलातलं लिंगॉन तू मला भेट द्यायचीस."

"तोडेल त्याचं असतं."

"आणि मी वर तुझे आभार मानायचे."

"मानायचीस कुठं? साखर कमी पडली म्हणायचीस."

टीरा उठली. तिनं वेलचीचे पाव होते ती बशी उचलली आणि कपाटात ठेवली. वेंडलानं अजून एकही घेतला नव्हता. "माती मिळायची नाही," टीरा म्हणाली.

"का?"

"माझे बूट गेले त्या दलदलीत. नवे होते. ओसिअननं शहरातून आणलेले. वासरू म्हणे."

बूट खरोखरच नवे होते, वेंडलाला आठवत होतं. ती घरी आली. वाफ्यातल्या मेलेल्या काड्या उपटायला हव्या होत्या, पण तिनं त्या दिवशी त्यांनाही हात लावला नाही. सगळंच गेलं होतं. जागा सांगून झाली, माती मिळाली नाही, आणि पानगळीत तिसरी बरणी येणार ती येणारच; आता तर त्याच उतारावरची, ओरबाडलेली.

आठवडा गेला असेल, नसेल. सकाळी ढकलगाडीचं चाक कुरकुरलं. टीरा फाटकात, पायात रबरी बूट, गाडीत फावडं आणि दोन पोती.

"चल."

"कुठं?"

"माझ्या जंगलात. मी बघून आले. नुसता गालिचा आहे तिथं. कुठून कापायचं ते मला कळत नाही. उगाच मधून कापलं आणि सगळंच मेलं तर मला काय राहील? तुझ्यासारखी मी वेडी नाही, मला तिथलं खायचंय आता."

वेंडलानं काठी घेतली. फाटकापर्यंत गेली आणि थांबली. "एक अट आहे."

टीरानं गाडी खाली ठेवली. "जंगल माझं, माती माझी, गाडी माझी, आणि अट तुझी?"

"तो दातेरी डबा तिथं आणायचा नाही. हातानं तोडायचं."

"माझी कंबर जाईल त्यात."

"माझा गुडघा गेला."

टीरानं गाडी उचलली. आमच्याकडं याला हो म्हणतात. वाटेत वेंडला सवयीनं तळ्याकडं वळायला लागली, तेव्हा टीरा म्हणाली, "इकडून. माझ्याबरोबर सरळ रस्त्यानं यायला हरकत नाही तुला."

उतारावर टीरानं कोठारातून आणलेल्या उलट्या बादलीवर वेंडलाला बसवलं आणि स्वतः खणायला लागली. वेंडला काठीनं दाखवायची. इथून एक हातभर, तिथून एक. मधलं राहू दे, ते पसरून भरून येईल. मुळं मातीतून आडवी पळतात, ती तोडू नकोस, खालून उचल, पाव भाजल्यावर तव्यावरून उचलतात तसा. टीरा आधी हाणत होती. मग हळू हळू उचलायला लागली. दुपारपर्यंत दोघींचं भांडण फक्त एकदा झालं, आणि तेही कुजका बुंधा कुणी उचलून न्यायचा यावरून. बुंधा टीरानंच नेला.

घरी आल्यावर वेंडलानं वाफ्यातली जुनी माती पार खालपर्यंत काढायला लावली. टीरा कुरकुरली की एवढं चांगलं शेणखत फेकून देतेस, तेव्हा वेंडलानं ते तिच्याच बटाट्यांना देऊन टाकलं. खाली दलदलीची काळी माती, वर वाळू, वर जंगलातली सुया मिसळलेली माती, आणि त्यावर ते थर शेजारी शेजारी, ठिगळांच्या गोधडीसारखे. राख घातली नाही. पाणी विहिरीचंसुद्धा नको, छपरावरून पिंपात साठलेलं पावसाचं घातलं.

पहिल्या वर्षी नुसतं जगलं. तेवढंही पुरेसं होतं. दुसऱ्या वर्षी पांढऱ्या घंटांसारखी थोडी फुलं आली, आणि ऐन जूनमध्ये गोठवणारं दंव पडून करपली. त्या रात्री वेंडलानं घरातल्या चादरी वर घातल्या होत्या, पण एक कमी पडली. गावातल्या लोकांनी आता हसायचं सोडून विचारायला सुरुवात केली होती. दुधाच्या गाडीवाल्यानं तर गाडी थांबवून विचारलं, "आलं का हो काही?" वेंडला म्हणाली, "सांगेन."

तिसऱ्या पानगळीत आलं. वाफ्याची कड टीरानं फळ्या लावून वर उचलून घेतली होती, गुडघ्याला येईल एवढी. वेंडला दूध काढायच्या तिवईवर बसली आणि पाय लांब ठेवून, एकेक करून, तिनं ते तोडलं. एक वाडगा भरला, पुन्हा अर्धा. फळं उतारावरच्याइतकी मोठी नव्हती. घट्ट होती.

त्या रविवारी तिनं पाल्त केले आणि टीराला बोलावलं. टीरा आपली बादली घेऊनच आली, उतारावर जाऊन आली होती. हातानं तोडलेलं होतं; पान एकही नव्हतं, फक्त बोटं काळी-लाल झाली होती, आणि ती कंबरेवर हात ठेवून खुर्चीत बसली ती 'अयाई गं' करतच. वेंडलानं आपल्या वाडग्यातलं लिंगॉन साखर घालून कच्चंच घोटलं. टीराचं मत, थोडं शिजवायला हवं होतं, टिकतं त्यानं. वेंडलाचं मत, शिजवलं की त्याचा लिंगॉनपणा जातो. यावर जेवण संपेपर्यंत बोलणं चाललं. टीरानं तीन पाल्त खाल्ले. वेंडलानं चार.

"ही बादली ठेवू का इथं?" जाताना टीरानं विचारलं. 'संकोच नको' वगैरे म्हणाली नाही.

"नको. माझं आहे अजून."

आणि होतंही. पुढची चार वर्षं वेंडला जगली, तेवढी वर्षं दर हिवाळ्यात तिच्या ताटात वाफ्यातलं लिंगॉन असायचं. वाफा काही फार मोठा नव्हता. जानेवारीपर्यंत पुरायचं, बरं वर्ष असलं तर फेब्रुवारीपर्यंत. मग वेंडला रिकामी बरणी पिशवीत घालायची, काठी घ्यायची आणि बर्फ तुडवत सरळ वाटेनं टीराकडं जायची.

"भर," ती म्हणायची.

"किती?"

"वसंतापर्यंत पुरेल एवढं. आणि शिजवलेलं देऊ नकोस."